दाराबाहेर बसलेला रेडिओ

मित्रांनो, मला वेगळं नाव नाही. चिपाटा शहराच्या कडेला जो दवाखाना आहे, तिथे सगळे मला नुसतं 'तो रेडिओ' म्हणतात. माझं अंग लाल प्लास्टिकचं आहे. एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेली आहे, आणि मूळची एरियल मोडल्यापासून तिच्या जागी सायकलच्या चाकाचा आरा बसवलेला आहे. आवाज खरखरीत असला तरी मोठा आहे, आणि तेच माझं काम आहे. एका बंद दाराबाहेर बसून मी मोठ्याने गातो, म्हणजे दाराआडचं बोलणं बाहेर कुणाला ऐकू जात नाही. कामाबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यांना ज्यांना आतलं ऐकता येतं, त्या सगळ्यांचा मला जन्मभर हेवा वाटत आला.

मला विकत घेतलं ते फालेसीआजीने. भुईमुगाचं पीक त्या वर्षी चांगलं आलं होतं. खोक्याचं झाकण उघडल्यावर मला पहिल्यांदा दिसला तो तिचा हसरा चेहरा, आणि पहिला वास आला तो भाजलेल्या शेंगांचा. तिचं घर म्हणजे एकच खोली. मधोमध एक पडदा. मला दाराशी स्टुलावर बसवलं होतं.

आमच्याकडे मुलगी वयात आली की तिच्या मनातलं ती आईशी बोलत नाही. मुलीला लाज वाटते, आईला त्याहून जास्त. ते काम आजीचं. आजीशी काहीही बोलता येतं, अगदी चावट थट्टासुद्धा करता येते. स्वतःची आजी नसेल तर दुसऱ्या कुणाची आजी गाठायची. फालेसीआजी साऱ्या गल्लीची आजी होती. एखादी मुलगी यायची, कमरेच्या कापडाचं टोक बोटाभोवती गुंडाळत उभी राहायची. आजी म्हणायची, "बस." आणि लगेच माझ्या आवाजाचं बटण फिरवायची. मी घसा फाडून गायला लागायचो आणि त्या दोघी डोक्याला डोकं लावून बसायच्या. मला मुलीचे ओठ हलताना दिसायचे. आजीची मान डोलताना दिसायची. कधी मुलगी हसायची, कधी डोळे पुसायची. शब्द मात्र एक नाही. जो सारखा बोलतो त्याला दुसऱ्याचं कुठून ऐकू येणार? पडद्याला ऐकू यायचं. चुलीवरच्या मडक्याला ऐकू यायचं. त्या काळ्या मडक्याकडे बघून माझा किती जळफळाट व्हायचा, काय सांगू!

त्या घरात आणखी एक जण असंच जळत होतं. आजीची धाकटी मुलगी, लोझारिया. कुणी आलं की आजी तिला बाहेर पायरीवर शेंगा सोलायला बसवायची. साऱ्या गल्लीच्या मुली तिच्या आईशी बोलायच्या, तिला तेवढं बोलता यायचं नाही. तिची स्वतःची वेळ आली तेव्हा रीतीप्रमाणे दोन गल्ल्या ओलांडून ती एका परक्या आजीकडे जाऊन आली. परत आल्यावर आईकडे पाठ करून बसली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू तिची जागा मीच बळकावली आहे. वेडी! मी तर तिच्याच बाजूचा होतो.

पुढे लोझारिया शिकून नर्स झाली. तिचं लग्न झालं, मुलगी झाली. मुलीचं नाव ताओंगा. मूल झालं की आमच्याकडे आईचं नाव मागे पडतं. लोझारियाला सगळे 'ताओंगाची आई' म्हणू लागले. दवाखान्याने व्हरांड्याच्या टोकाला तरुण मुलामुलींसाठी एक खोली काढली आणि ती लोझारियाच्या हाती दिली. मुलांनी यावं, मनातलं विचारावं, औषध हवं असेल तर घ्यावं, आणि यातलं काही बाहेर जाऊ नये, अशी ती खोली. पण मुलं येईनात.

"दारापर्यंत येतात आणि परत जातात गं आई," लोझारिया एका संध्याकाळी फालेसीआजीला सांगत होती. "व्हरांड्यातल्या बाकावर कुणाची ना कुणाची मावशी गोळ्यांसाठी बसलेली असतेच. काल एक मुलगी आली, मावशीला बघितलं, प्यायला पाणी मागितलं आणि गेली निघून."

"भिंत कसली आहे?"

"प्लायवूडची."

"म्हणजे भिंत नाहीच," फालेसीआजी म्हणाली. मग तिने मला स्टुलावरून उचललं, आपल्या चितेंगेत, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या रंगीत कापडात, बांधलं आणि लेकीच्या हातात दिलं. "याला घेऊन जा. कळत याला काही नाही, पण ओरडतो चांगला."

मित्रांनो, इतक्या वर्षांच्या सेवेचं माझं प्रशस्तिपत्र ते एवढंच. पण मी ते जपून ठेवलं आहे.

दवाखान्यात लोझारियाने माझ्यासाठी नियम केला. खोलीचं दार लागलं की माझा आवाज चढवायचा, दार उघडलं की उतरवायचा, आणि माझ्या बटणाला बाकावरच्या कुणी हात लावायचा नाही. एका म्हाताऱ्याने बातम्या लावायला हात पुढे केला तर तिने त्याच्या हातावर चापट मारली होती. दुसरा नियम अवघड होता. खोलीत येऊन गेलेलं कुणी रस्त्यात भेटलं तर दवाखान्यातल्या माणसांनी आपणहून ओळख दाखवायची नाही. आमच्याकडे वाटेत भेटलेल्या माणसाची घरच्यादारच्यांसकट विचारपूस केल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे उघड अपमान. पण नर्सने मुलीला हाक मारली की बरोबरची आत्या लगेच विचारते, "ही गं तुला कशी ओळखते?" म्हणून लोझारिया मान खाली घालून पुढे जायची. गाव तिला गर्विष्ठ म्हणायचं.

तसं तोंडावर म्हणणारी एकच, झेलिपाआजी. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या निमित्ताने ती बाकावर ठाण मांडून असायची, मांडीवर शेंगांची परडी. पूर्वी वयात आलेल्या मुलींना चार गोष्टी शिकवायला तिला मानाने बोलावणं यायचं, ढोल वाजायचे, कोंबडी मिळायची. आता मुली तिच्या नाकासमोरून त्या खोलीत जायच्या. तिच्या पोटात दुखायचं, आणि ते मला दिसायचं, कारण त्या दुखण्याची माझी जुनी ओळख आहे.

"काय ताओंगाच्या आई, आज तरी ओळखलंस का मला?" ती विचारायची. "की माझंही काही गुपित आहे तुझ्यापाशी?"

"तुमचं कसलं गुपित, आजी? तुमचं वय साऱ्या गावाला माहीत आहे."

"वयाचं कोण बोलतंय? नवऱ्यांचं बोलत होते मी."

सगळा व्हरांडा हसायचा. एखादा मुलगा खोलीकडे निघाला की तिचं सुरू व्हायचं, "काय रे नवरोबा, बायकोला न सांगता आत कुठे?" आमच्या आज्या नातवंडांना असंच म्हणतात. मुलगाही तयारीचा असला तर म्हणायचा, "तुझ्यासाठी दात बघायला चाललोय." पण जो तयारीचा नसायचा, तो तिथूनच मागे फिरायचा.

मध्यंतरी माझे वाईट दिवस आले. कुणीतरी दवाखान्याला टीव्ही भेट दिला आणि माझी रवानगी फिनेलच्या बाटल्यांशेजारी फळीवर झाली. टीव्हीला चित्रं होती, म्हणून सगळे त्याच्याकडे तोंड उघडं टाकून बघत बसायचे, अगदी चिडीचूप. त्या शांततेत प्लायवूडमागची कुजबुज बाहेर स्पष्ट यायला लागली. शिवाय धरणातलं पाणी आटलं आणि वीज तासन् तास जायला लागली. लोझारियाने मला खाली काढलं, नवे सेल घातले आणि परत दाराशी बसवलं. टीव्हीच्या खिळ्याला आता कॅलेंडर टांगतात. मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही.

मग खोलीत मदतनीस म्हणून टियोंगे आली. टियोंगे सोको. शाळेत असताना ती त्या खोलीत येऊन गेली होती म्हणतात. कशासाठी, ते लोझारिया सोडून कुणालाच माहीत नाही. लोझारियाने तिला हाताशी धरून शिकवलं. टियोंगे मुठीवर हनुवटी टेकवून ऐकायची, मधे एक शब्द बोलायची नाही. हळूहळू मुलं दाराशी येऊन विचारायला लागली, "टियोंगेताई आहे का?" नाही म्हटलं की म्हणायची, "मग उद्या येतो." लोझारिया हसून मान डोलवायची. पण त्या दिवशी माझ्यावरची धूळ जरा जास्त जोराने पुसली जायची.

गेल्या थंडीत फालेसीआजी गेली. सगळं आटोपून लोझारिया कामावर आली त्या सकाळी तिने मला पुसलं, सेल बदलायला मागचं झाकण उघडलं. आत सेलच्या खाली आजीने कधीतरी चितेंगेचा एक तुकडा घडी करून ठेवला होता, सेल सैल पडू नयेत म्हणून. आजवर कधी न हलवलेला तो तुकडा लोझारियाने बाहेर काढला, उलटसुलट पाहिला आणि होता तसा परत ठेवला. मग झाकण लावलं. आलेल्या मुलांना त्या दिवशी तिने रोजच्यासारखंच आत घेतलं.

आजी गेली, आणि तिच्याबरोबर ताओंगाचं मन मोकळं करायचं ठिकाणही गेलं. ताओंगा तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होती, उंच, भराभर चालणारी. घरी ती जेवताना बोलेनाशी झाली. न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीचा, गोळा बोटांत धरून नुसती बसून राहते, असं लोझारियाने टियोंगेला सांगितलेलं मी ऐकलं. टियोंगेने "हं" म्हटलं.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी दवाखाना उघडायच्या आधी, टियोंगे व्हरांडा झाडत होती आणि लोझारिया मला पुसत होती. मी बंद होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"काल बाजारात तुला ताओंगा भेटली," लोझारिया म्हणाली.

"हो का? माझं लक्ष नव्हतं, सिस्टर."

"सुक्या मासळीच्या टोपल्यांपाशी. मी मागेच होते. हात लांब केला असतास तर लागला असता. एरवी रस्त्याच्या पलीकडून 'ए लंबू' म्हणून ओरडतेस तिला. काल मान खाली घालून गेलीस."

टियोंगेचा झाडू थांबला.

मित्रांनो, काय झालं होतं ते तुमच्या लक्षात आलं असेल. ज्या नियमाने गावातल्या सगळ्या मुलींना झाकलं होतं, त्यानेच लोझारियाला सांगून टाकलं होतं की तिची मुलगी त्या खोलीत येऊन गेली आहे. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं. नियम तिचाच होता, म्हणून तिलाच कळलं.

"कधीपासून येते?"

"सिस्टर, मी झाडते आहे."

"आजारी आहे का, एवढंच सांग. बाकी काही विचारत नाही. नुसतं हो किंवा नाही."

"पहिल्या दिवशी तुम्ही मला काय सांगितलं होतंत? हो म्हटलं तरी सांगितल्यासारखं, नाही म्हटलं तरी सांगितल्यासारखं."

"मी तिची आई आहे, टियोंगे."

"या बाकावर बसतात त्या सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या आयाच असतात."

"फार शहाणी झालीस."

"तुमच्याच हाताखाली झाले," टियोंगे म्हणाली. झाडून झालेली जागाच ती परत झाडू लागली.

लोझारियाने माझ्यावरचं फडकं पिळून काढल्यासारखं मुठीत धरलं. "माझ्या मुलीच्या नावाने मला गाव हाक मारतं," ती अगदी हळू म्हणाली, "आणि तिच्या मनातलं ठाऊक कुणाला, तर हिला." हे ती टियोंगेला म्हणाली नाही. मला म्हणाली. त्या जळण्यात मी तिच्या आधीपासून होतो.

पण जबरदस्तीने विचारणंही शक्य नव्हतं. आपण माग काढतो आहोत असं ताओंगाला कळलं, तर ती या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही, हे लोझारिया पक्कं जाणून होती. असं एका मुलीच्या बाबतीत झालं की काय होतं ते तिने पाहिलं होतं. आजी तर आता नव्हती. ताओंगाला ही एकच जागा उरली होती.

त्या आठवड्यात लोझारिया लसीची पेटी घेऊन खेड्यांकडे गेली. दिवसभर येणार नव्हती. दुपारी आमची वीज गेली. मी सेलवर चालत होतो, आणि सेल जुने झाले होते; आवाज इतका उतरला होता की बाकावरचं बोलणं मला ऐकू येत होतं. दार लागलं. आत कोण गेलं ते मी सांगणार नव्हतो, पण अंगणातल्या आंब्याच्या झाडाला टेकवलेली सायकल सगळ्यांनाच दिसत होती. दांड्याला निळं फडकं गुंडाळलेली ती सायकल गावात एकच होती.

थोड्याच वेळात लोझारिया परत आली. गाडी वाटेत बंद पडली होती. कुणाच्या तरी सायकलवर मागे बसून, पेटी मांडीवर धरून ती आली. तिने सायकल पाहिली. दार पाहिलं. पेटी खाली ठेवली आणि बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली.

"काय गं, लस संपली की पोरं संपली?" झेलिपाआजीने विचारलं.

"गाडी बिघडली, आजी."

"बरं झालं. आत कोण आहे ठाऊक आहे का?"

"आत कोण आहे ते आपण विचारत नाही."

"मी कुठे विचारते? मी आपली सायकल बघते आहे. काय सुंदर निळं फडकं आहे!"

मी एक जुनं नाचाचं गाणं गात होतो. लोझारियाचा हात माझ्या बटणावर आला. तो हात रोजचा होता, पण त्या दिवशी तो उलट्या बाजूला फिरला.

खरं सांगतो, मित्रांनो, मला आनंद झाला. गाणं खाली खाली गेलं, आणि ज्याची मी इतकी वर्षं वाट पाहिली ते प्लायवूडमधून झिरपून बाहेर आलं. ताओंगाचा आवाज. काही थोडे शब्द. मी ऐकले. लोझारियाने ऐकले. तिने डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा तिला व्हरांडा दिसला. शेंगा फुटण्याचा आवाज थांबला होता. झेलिपाआजीच्या बोटांत अर्धी फोडलेली शेंग होती आणि मान दाराकडे लांब झाली होती. पलीकडच्या बाईने बाळाला चितेंगेखाली घेऊन गप्प केलं होतं. सगळा बाक एका बाजूला कलला होता. आपल्यापुरती केलेली फट साऱ्या गावासाठी उघडी झाली आहे, हे लोझारियाच्या लक्षात आलं. तिने घाईने बटण फिरवलं, पार शेवटपर्यंत. मी जीव एकवटला. पण सेलमध्ये तेवढा जीव नव्हता. खर्र झालं, एक हुंदका आल्यासारखं झालं, आणि मी बंद पडलो.

आता मधे काहीच नव्हतं. आत ताओंगा बोलत होती. तिला काय ठाऊक?

"बिघडला वाटतं," झेलिपाआजी म्हणाली आणि परडी उचलून दाराच्या बाजूला सरकली.

तेवढ्यात लोझारिया उठली. तिने टाळी वाजवली, आणि भर दुपारी, मधल्या मोकळ्या जागेत उभी राहून ती गायला लागली. दर सोमवारी सकाळी लस द्यायच्या आधी आयांकडून म्हणून घेतात ना, ते गाणं.

"ताप आला गं दाराशी!"

सवयीची ताकद बघा. व्हरांड्यातून आपोआप उत्तर आलं, "हाकला त्याला, हाकला!"

"गोवर आला पाठोपाठ!"

"हाकला त्याला, हाकला!"

"अगं, आज लसीचा वार नाही!" झेलिपाआजी ओरडली.

"गोवराला वार कळतो का, आजी? उठा! तुमच्यासारखी ललकारी पंचक्रोशीत कुणाला येत नाही म्हणतात. की वयाने आवाज गेला?"

"कुणाचा गेला?" झेलिपाआजी उठलीच. परडी बाकावर ठेवून तिने जीभ हलवत अशी ललकारी दिली की आंब्यावरचे कावळे उडाले. मग ती कशाला खाली बसते! गुडघे वाकवून, कंबर हलवत ती मधोमध आली. बाळाची आई टाळ्या वाजवू लागली. औषधाच्या खिडकीतून कारकुनाने डोकं बाहेर काढलं आणि तोही "हाकला!" म्हणाला. गाणं संपलं की लोझारिया नवं कडवं जोडायची. खोकल्याला हाकललं, खरजेला हाकललं, उवांनासुद्धा हाकललं. तिच्या डोक्यावरची टोपी कलली, घसा बसला, कपाळावरून घाम ओघळला. ती थांबली नाही.

मी बाकावर मुका पडून होतो. माझं काम माझ्यासमोर दुसरं कुणी करत होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं करत होतं. मला तिचा हेवा वाटला. आयुष्यातला सगळ्यात मोठा.

दार उघडलं. ताओंगा बाहेर आली, मागे टियोंगे. गाणं मधेच तुटलं. झेलिपाआजीचा एक पाय हवेतच राहिला.

"आई?" ताओंगा म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं. "रेडिओ बंद आहे."

"सेल गेले." लोझारियाचा आवाज फुटत नव्हता.

"म्हणून तू गात होतीस? सगळा वेळ?"

हो म्हणणं सोपं होतं. बाकावरच्या सगळ्या बायकांनी साक्ष दिली असती.

"नाही," लोझारिया म्हणाली. "आधी मी त्याचा आवाज कमी केला होता. माझ्या हाताने."

टियोंगेने डोळे मिटून घेतले. ताओंगा हलली नाही.

"काय ऐकलंस?"

झेलिपाआजीची मान पुन्हा लांब झाली. लोझारियाने तिच्याकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, मग आपल्या मुलीकडे.

"ते इथे सांगायचं नसतं," ती म्हणाली.

ताओंगा व्हरांड्याबाहेर पडली. आता ती सायकलवर बसेल आणि पुन्हा कधी दिसणार नाही, असं मला वाटलं. ती आंब्यापाशी गेली, सायकल धरली. पण बसली नाही. दांड्यावरचं फडकं सोडून पुन्हा गुंडाळत उभी राहिली.

"तुझा आवाज पार बसलाय," ती तिथूनच म्हणाली. "पाणी तरी पी."

लोझारियाने लसीची पेटी टियोंगेच्या हातात दिली आणि ती आंब्याकडे गेली. दोघी बुंध्याला टेकून बसल्या, एकीचं तोंड रस्त्याकडे, एकीचं शेताकडे. त्यांच्यात रीत आहे, लाज आहे, ते सगळं आहेच. बोलत होत्या की नुसत्या बसल्या होत्या, मला कळलं नाही. मी बंद होतो, आणि बंद असल्यावर मला सगळं ऐकू येतं. परडीत शेंगा पडलेल्या ऐकू आल्या, खिडकीत गोळ्या मोजलेल्या ऐकू आल्या. तेवढंच काय ते ऐकू आलं नाही.

"काय बोलत असतील गं त्या?" झेलिपाआजीने टियोंगेला विचारलं.

"आजी, शेंगा खा," टियोंगे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मला नवे सेल मिळाले. लोझारियाचा घसा पुढे कितीतरी दिवस बसलेला होता. ताओंगा त्या खोलीत पुन्हा आली की नाही, हे मला विचारू नका. आणि त्या दुपारी मी काय ऐकलं, हेही विचारू नका. जन्मभर ज्याचा हेवा केला ते एकदा माझ्या वाट्याला आलं, आणि ते किती जड असतं ते कळलं. कितीदा वाटतं, गाण्याच्या मधेच बोलून टाकावं, मोकळं व्हावं. पण ते शब्द माझे नाहीत. फालेसीआजीने असे किती जणींचे शब्द बरोबर नेले असतील, आणि रात्री ती कशी शांत झोपत असेल, याचा मी आता विचार करतो. त्या काळ्या मडक्याचा आता मला पूर्वीइतका हेवा वाटत नाही.

माझं मागणं थोडं आहे. माझे सेल वेळेवर बदला, कारण पुन्हा कधी बंद पडलो तर बाकावर लोझारिया असेलच असं नाही. आणि मित्रांनो, तुम्ही कधी एखाद्या बंद दाराशी बसलेले असाल, आतून कुणाचा तरी आवाज येऊ लागला, आणि तो तुमच्या अगदी जवळच्या माणसाचा असला, तर कान पुढे करू नका. गाणं येत असेल तर मोठ्याने गा. येत नसेल तर उठा आणि झाडाखाली जाऊन वाट बघा.